बोझान पहारेकऱ्याच्या धाब्यावरचा रूळ

नेमरुतच्या डोंगरावर राजानं आपलं थडगं बांधलं आणि त्यावर मुठीएवढ्या दगडांचा ढीग रचून आणखी एक डोंगर केला, तेव्हा ते दगड राखायला पुढे कुणी लागेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसणार. कानीसार गावच्या बोझाननं हे काम एकवीस वर्षं केलं. सरकारनं त्याला नेमलं होतं ते थडग्याभोवतीच्या देवांच्या मूर्तींवर लक्ष ठेवायला. दगडांचं त्यानं स्वतःच अंगावर घेतलं.

बघायला आलेले लोक त्या उतारावर चढू बघत. चढले की दगड घसरत, आणि उतरताना एखादा खडा आठवण म्हणून खिशात जाई. बोझान खाली पायवाटेवर उभाच असे. "खिसा." बस्स, एवढंच म्हणायचा. जर्मन असो, तुर्क असो, अंकाराहून आलेला साहेब असो, खिसा उलटा करावाच लागे. एकदा एका बाईला त्यानं बूट काढायला लावले, आणि बुटातून खरंच खडा निघाला. तो अडकलेला होता का लपवलेला, हे देव जाणे, पण बोझाननं तो उचलला, चढून वर गेला आणि ढिगावर ठेवून आला. गावातले लोक म्हणत, "याच्या डोळ्याला मूर्तीचं डोकं दिसत नाही, खडा मात्र दिसतो." डोकं एकेक माणसापेक्षा उंच, ते कोण नेणार? हा विचार त्यात होताच, पण टोमणाही होता.

टोमण्याचं कारण हेमो. हेमो म्हणजे बोझानच्या बायकोचा, फिदानचा, सख्खा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी बर्फ वितळल्यावर बकऱ्या चारताना त्याला पूर्वेकडच्या चौथऱ्याखाली दगडी बोट सापडलं. देवाचं बोट, हातभर लांब, नखासकट. त्यानं ते खेचराच्या खोगिराखाली घातलं आणि काहत्याच्या रस्त्याला लागला. तिथे कुणीतरी घेणारा होता. वाटेत पहारा होता मेहुण्याचा, म्हणून हेमो निर्धास्त होता. मेहुण्यानं खोगीर उचललं.

"सोड ना रे," हेमो म्हणाला, "एक बोट तर आहे. त्या बाबाला अजून नऊ आहेत."

बोझाननं सोडलं नाही. शिपायांना बोलावलं, बोट दिलं, हेमोलाही दिला. आठ महिन्यांची शिक्षा झाली. सहाव्या महिन्यात हेमोचा बाप गेला. हेमोला मातीला सोडलं नाही, आणि फिदान चेमसोरला बापाच्या दारात पोचली तेव्हा हेमोच्या चुलत भावांनी दार लावून घेतलं. ती बाहेर अंगणात तुतीच्या झाडाखाली बसून रडली आणि संध्याकाळी परत चालत आली. त्या दिवसापासून तिला माहेर नव्हतं. आई तिकडे, ती इकडे, मध्ये चार तासांची उतरण. दोघींपैकी कुणी मेली तर दुसरीला लोकांकडून कळणार, अशी गत होती.

बोझानला याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्याचा एक ठाम समज होता की आपण बरोबर केलं, आणि बरोबर केलेल्या माणसानं माफी मागायची नसते. मालमत्ता म्हणावी तर त्याच्याकडे एवढा एक समजच होता. बाकी दोन खोल्या, चौदा बकऱ्या, लग्न होऊन गेलेली एक मुलगी नेर्गिझ, आणि धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, एक रूळ.

आता रुळाबद्दल सांगावं लागेल. धाब्याचं घर म्हटलं की रूळ आलाच. पाऊस पडला, बर्फ वितळलं, की वर चढायचं आणि दगडी रूळ फिरवून माती दाबायची, नाहीतर रात्री अंथरुणात पाणी. प्रत्येक घराचा रूळ वेगळा वाजतो. बोझानचा रूळ लंगडा होता. एका टोकाला खुंटासारखे उंचवटे होते, बापानं छिन्नीनं तासूनही पुरते न गेलेले, त्यामुळे दर फेरीला तो 'ठक' करून उडी मारी. पाऊस थांबला की गावभर सगळ्यांचे रूळ गडगडत आणि त्यात हे एक ठक, ठक. "लंगड्याला बाहेर काढलं," शेजारी म्हणत. बोझान लहानपणी त्या खुंटांवर पाय देऊन रुळावर उभा राहायचा, पडायचा, बापाचा मार खायचा. बापानं तो कुठून आणला हे त्यानं कधी विचारलं नाही. बापाला कुणी असलं काही विचारतं का? रूळ होता, कारण घर होतं.

त्या जूनमध्ये वर काम निघालं. पडलेल्या मूर्तींचे तुकडे जुळवून कागदावर मांडायचे होते. सेविम खानम नावाची बाई दर उन्हाळ्यात यायची, डोक्याला रुमाल, हातात फूटपट्टी, उन्हानं नाक सोललेलं. तिला बोझानचं कौतुक होतं. सिंहासनांच्या पाठीवर राजानं जे कोरून ठेवलंय ते तीच त्याला वाचून दाखवायची. सणाला इथे येणाऱ्या प्रत्येकाला पोटभर जेवायला घाला, असं राजा म्हणतो. आणि इथलं कुणी काही बिघडवलं तर त्याचं वाटोळं होवो, असंही म्हणतो. बोझानला दुसरं वाक्य जास्त आवडायचं.

"बोझान एफेंदी, इकडे या," एके दुपारी तिनं हाक मारली. "हा सोटेवाला देव. याचा सोटा खांद्याशी टेकलेला होता, बघा. मधला भाग इथे आहे, खालचा तिथे पडलाय. वरचं टोक मात्र कुठेच नाही. मी तीन वर्षं शोधतेय."

तिनं चित्र पुढे केलं. सोटा म्हणजे गाठीगाठींचं जाड लाकूड, तेच दगडात कोरलेलं. नसलेलं टोक तिनं ठिपक्यांनी काढलं होतं, बाकीच्या गाठींच्या अंदाजानं. दोन ओळींत सात गाठी, एकीआड एक.

बोझान बराच वेळ बघत राहिला. सात. वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत तीन. त्याच्या तळपायाला ते ठाऊक होतं.

"तुम्ही कुठे पाहिलंय का असं काही?" सेविम खानमनं विचारलं.

"नाही," बोझान म्हणाला. एकवीस वर्षांत डोंगरावर तो पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि ते त्याला जमलंही.

जाताना मात्र त्यानं मधल्या तुकड्याला दोरी गुंडाळून गाठ मारली. घरी आला, काही न बोलता धाब्यावर चढला, तीच दोरी रुळाला गुंडाळली. दोरीचं टोक बरोबर गाठीशी आलं, घेर तोच. मग रूळ उलटा करून तुटलेली बाजू बघितली. तिथे दगडाला तिरका चिरा होता, आणि डोंगरावरच्या मधल्या तुकड्यालाही तसाच होता, दुपारीच बघितलेला. तो रुळावरच बसला.

फिदान जिन्यानं वर आली. हातात मिरच्यांची परात होती, वाळत घालायला आणलेली. तिनं दोरी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं, आणि परात खाली ठेवली.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

बोझाननं मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"तुझ्या आईनं सांगितलं. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. इथेच. म्हणाली, सून, हा रूळ जपून फिरव, तुझ्या सासऱ्यानं चार माणसं लावून वरून आणलाय, पाठ धरली होती त्याची महिनाभर."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तू तेव्हा पहारेकरी कुठे होतास? तेव्हा तो दगड होता. रूळ होता."

"पण हेमोच्या वेळी! हेमोला धरला तेव्हा तरी बोलायचं."

फिदान मिरच्या पसरू लागली. एकेक मिरची वेगळी करत, त्याच्याकडे न बघता बोलली. "बोलले असते तर तू काय केलं असतंस, नेर्गिझच्या बापा? मी तुला ओळखते. त्याच दिवशी जाऊन स्वतःलाही धरून दिलं असतंस. भाऊ आत, नवरा आत. बकऱ्या कोण बघणार होतं, तो सोटेवाला?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि खरं सांगू? नंतर मी म्हटलं, बघू तरी. याला बाईच्या बुटातला खडा दिसतो. डोक्यावरचा कधी दिसतो बघू. अकरा वर्षं लागली."

बोझानला राग आला नाही. राग यायला जागाच उरली नव्हती. त्याला लाज वाटली, आणि ती त्याच्या सवयीची नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हे त्याला कळेना. तो संध्याकाळपर्यंत वरच बसला. मिरच्यांनी डोळे चुरचुरत होते तरी उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सेविम खानमला सांगून टाकलं. काल खोटं बोललो, हेही सांगितलं. बाई आधी हसली, मग तिनं दोन्ही हात डोक्यावर मारले, मग ट्रॅक्टर आणायला पिटाळलं. सहा माणसांनी रूळ धाब्यावरून उतरवला. अख्खा गाव बघायला जमला होता. वर नेऊन मधल्या तुकड्याला लावला तेव्हा तुटल्या जागी तुटकं असं बसलं की सुरीचं पातंही आत शिरेना. गाठी तेवढ्या तासलेल्या होत्या. त्या बापाच्या छिन्नीच्या खुणा आता राजाच्या चौथऱ्यावर कायमच्या राहणार होत्या.

बोझान शिपाई यायची वाट बघत होता. त्यानं कपड्यांचं गाठोडंही बांधून ठेवलं होतं. तीन आठवड्यांनी शहरातून साहेब आले ते आभारपत्राची काचेची चौकट घेऊन. कायदा असा आहे म्हणे, की दगड नेताना सापडला तर चोर, आणि आपण होऊन आणून दिला तर आभार. साहेबांनी त्याच्याशी हात मिळवला, फोटो काढला, आणि "सर्व नागरिकांनी यांचा आदर्श घ्यावा" असं काहीतरी वाचून दाखवलं.

फिदाननं चौकट हातात घेतली, पालथी केली, परत सुलटी केली. तिला वाचता येत नव्हतं.

"हेमोला आठ महिने," ती म्हणाली, "आणि तुला काच."

बोझाननं चौकट धान्याच्या कणगीमागे ठेवून दिली. त्या रात्री दोघं जेवले तेव्हा ती एवढंच म्हणाली की आईचे दोन्ही डोळे गेलेत असं बाजारात कळलं. मागणं नव्हतं, बातमी सांगितली. पण पहाटे तो उठला, धुतलेला सदरा घातला आणि चेमसोरच्या वाटेला लागला.

या भागात मागणं घेऊन कुणाच्या घरी जायचं तर एक रीत आहे. मुलगी मागायची असो, रक्ताचं वैर मिटवायचं असो, पाण्याची पाळी मागायची असो, पाहुण्यापुढे जे ठेवतील त्याला त्यानं हात लावायचा नाही. पाणी नाही, चहा नाही, काही नाही. वाडगं तसंच राहिलं की घरधनी समजतो, हा काहीतरी मागायला आलाय. मागणं ऐकतो. पटलं तर म्हणतो, "पी," आणि त्या एका शब्दात सगळं आलं. मग नाही म्हणता येत नाही. पण मागण्याआधीच घोट घेतला तर संपलं. तो नुसता पाहुणा. खाऊन-पिऊन घरी जायचं. बोझाननं ही रीत चार तासांच्या वाटेवर चाळीस वेळा घोकली. हेमोला काय बोलायचं तेही घोकलं: माझा बाप तुझ्याआधीचा चोर, आणि त्याच्या चोरीखाली मी आयुष्यभर कोरडा झोपलो. मला काय करायचं ते कर, पण बहिणीला दार उघड.

जुलैचं ऊन होतं. वाटेतला झरा आटलेला. चेमसोरला पोचला तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. तुतीखाली म्हातारी बसलेली, फिदानची आई, बेस्ना. पावलं वाजली तशी तिनं बाजूच्या मडक्यातलं ताक वाडग्यात ओतून हवेत धरलं. दारावरून जाणाऱ्या कुणालाही ती द्यायची, बघायची गरज नव्हती.

"घे बाबा. ऊन आहे."

बोझाननं घेतलं आणि एका दमात प्यायला. मीठ घातलेलं, थंड. शेवटचा घोट घशाखाली गेला आणि वाडग्याचा तळ दिसला, तेव्हा त्याला रीत आठवली.

दारात हेमो उभा होता. केव्हापासून होता कोण जाणे. त्यानं मेहुण्याकडे पाहिलं, रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो बोलला तो आईशी. या भागात आईला दाये म्हणतात.

"वाटसरू आहे, दाये. वर डोंगरावरचा. ताक पिऊन झालंय त्याचं, जाईल आता."

"डोंगरावरचा?" म्हातारी सावरून बसली. "बस रे बस. मग तुला माझी फिदान ठाऊक असेल. बोझान पहारेकऱ्याची."

"ठाऊक आहे," बोझान म्हणाला.

"कशी आहे? जाड झाली का बारीक?"

"आहे तशीच आहे."

"केस पिकले?"

"पुढचे थोडे."

"पुढचेच पिकतात आमच्यात. माझी आठवण काढते का कधी?"

"रोज काढते."

म्हातारीनं हात पुढे करून त्याचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"रोज काढते हे वाटसरूला कसं ठाऊक? ते घरातल्यालाच ठाऊक असणार. बोझान, तू आहेस."

"मी आहे, दाये."

"मागायला आला होतास?"

"हो."

"आणि पिऊन बसलास?"

"पिऊन बसलो."

म्हातारी हसायलाच लागली. दात नव्हते, तरी पोट हलेपर्यंत हसली. "अरे गाढवा! त्या डोंगरानं तुझी अक्कल पण दगडाची केली. तहान आवरली नाही होय तुला?"

हेमो दाराच्या चौकटीला टेकून समोरच्या भिंतीला म्हणाला, "तिकडे म्हणे दगड परत केला की काचेत घालून कागद देतात."

"देतात," बोझान म्हणाला. "मी तो इथे आणला नाही."

तेवढ्यात हेमोची बायको सासूचं ताट घेऊन आली, गव्हाच्या रव्याचा भात, वर कांदा, बाजूला दही. तिनं ते म्हातारीच्या मांडीजवळ ठेवलं आणि पाहुण्याकडे न बघता आत गेली. म्हातारीनं बोटांनी ताटाची कड चाचपली. मग ताट हळूच पुढे सरकवलं, हातभर लांब.

"हेमो," ती म्हणाली, "मला एक मागायचंय."

"हे काय आता, दाये?"

"मी या अन्नाला हात लावलेला नाही."

"सकाळी दोन रोट्या खाल्ल्यास!"

"त्या सकाळच्या. या ताटाचं बोलतेय मी."

"आपल्याच घरात कुणी मागणं घालतं का? लोक हसतील."

"घर तुझ्या बापानं तुझ्या नावावर केलं. मी इथे पाहुणीच की. हा मूर्ख पिऊन बसलाय, त्याला बोलता येत नाही. मी उपाशी आहे, मला येतं. माझी पोरगी मला हवी."

हेमोचा चेहरा बदलला. चेष्टा संपली होती. "बाप गेला तेव्हा मी कुठे होतो, दाये?" तो हळू म्हणाला. "कुणामुळे होतो?"

"तू तुरुंगात होतास. ती या झाडाखाली होती, दाराबाहेर. तिचं रडणं मला आतून ऐकू येत होतं, आणि मी उठले नाही, तुझ्या इभ्रतीसाठी. तुम्हा दोघांतलं कुणी त्याच्या मातीला नव्हतं. मी एकटी होते." म्हातारीचा आवाज चढला नाही. "मी धरला का राग तुमच्यावर? कुणावर धरू, सांग. आता डोळे गेले. ती आली तरी दिसणार नाही मला. हात तेवढा लावायचाय तिला."

तुतीवरून एक फळ पडलं, ताटाजवळच. कोंबडीनं ते नेलं. हेमो खाली बघत होता. बोझान रिकामं वाडगं दोन्ही हातांत धरून बसला होता आणि ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं. त्याला रडू येत होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

हेमोनं घसा खाकरला.

"खा, दाये," तो म्हणाला.

म्हातारीनं मान डोलावली. पण ताट जवळ ओढलं नाही, हात मांडीवर घडी घालून ठेवले. "खाईन. ती आली की खाईन."

"अगं, चार तासांची चढण आहे! जाऊन येऊन अंधार होईल!"

"होऊ दे. मला काय, उजेड आणि अंधार सारखाच."

हेमोनं आईकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा तो तोंड फिरवून सरळ बोझानशी बोलला.

"बघत काय बसलायस?" तो ओरडला. "ऊठ, माझं खेचर घे आणि पळ. म्हातारी उपाशी आहे!"